मग लांडगे कशाले आले? शंकरनगरच्या दुसऱ्या मजल्यावरचे चार रविवार

आधी गुण सांगून टाकतो, पुष्कळ जण तेवढंच वाचून पुढं जातात. पाचपैकी साडेतीन. एक गुण अल्फानं घालवला, अर्धा चहानं.

नागपुरातल्या या बैठ्या खेळांच्या जागेला पाटीच नाही, त्यामुळे नाव विचारू नका. पोट्टे नुसतं ‘वरचं’ म्हणतात. शंकरनगर मेट्रो स्टेशनला उतरून पाच-सात मिनिटं चालायचं. खाली औषधाचं दुकान, बाजूनं अरुंद जिना, आणि दुसऱ्या मजल्यावर दाराला वीस बाजूंच्या फाशाचं चित्र. लिफ्ट आहे का म्हणून फोनवर विचारलं तर ‘आहे’ म्हणाले. आहे, चालत नाही. माझ्या वयाच्या माणसांनी प्रश्न नीट विचारावा.

आत भिंतभर खेळांच्या पेट्या, सात टेबलं आणि एक एसी, ज्याचा सगळा वारा एकाच टेबलावर पडतो. एरवी तासावर पैसे घेतात. मी लिहितोय ते रविवारच्या टेबलाबद्दल: दुपारी चार ते आठ, माणशी साडेतीनशे रुपये, पाच खेळाडू, आणि चार रविवार मिळून एक गोष्ट. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी काढलेला. एक जण जग उभं करतो, त्याला डीएम म्हणायचं. बाकीचे त्या जगातलं एकेक सोंग घेतात, आणि काही करायचं म्हटलं की ते जमलं का हे फाशाला विचारायचं. ज्यानं झाडीपट्टीतली दंडार, म्हणजे पूर्व विदर्भातलं सोंगांचं लोकनाट्य, पाहिली आहे त्याला हे कळायला दोन मिनिटं पुरतात. फक्त इथं सोंगाच्या जिवाचा हिशोब कागदावर मांडलेला असतो.

मी तिथं कसा? भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, “मामा, लांडग्यांची गोष्ट आहे, तुम्ही चलाच.” मी एकतीस वर्षं वर्धा जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. आर्वी, आष्टी, कारंजा, हाच टापू. गवळाऊ गाईंना लस टोचली, शेळ्या-मेंढ्यांना जंताचं औषध पाजलं, आणि रानातल्या जनावरानं कोणाचं ढोर मारलं की वनखात्याच्या पंचनाम्याला हजर राहिलो. वाघ-बिबट्याचे पंचनामे पेपरात येतात. लांडग्याचे येत नाहीत. कोकरू गेल्याची बातमी होत नसते.

तर पहिला रविवार. डीएम म्हणजे पंचविशीतला, आयटी पार्कात नोकरी करणारा पोरगा. नकाशा त्यानं हातानं काढला होता आणि जुना दिसावा म्हणून चहात बुडवला होता. तिथल्या चहाचा तो एकच चांगला उपयोग मी पाहिला. नकाशात उत्तरेला डोंगर. तिथली टोळी ढालीवर लांडग्याचं तोंड रंगवते आणि पोरगं वयात आलं की त्याच्या गळ्यात लांडग्याचा दात बांधते. पूर्वेला दलदल. तिथले गॉब्लिन, म्हणजे ठेंगणे दुष्ट राक्षस, लांडग्यांच्या पाठीवर बसून फिरतात. मधल्या खोऱ्यात मेंढपाळांचं गाव, आणि त्या गावात दिवस बुडाल्यावर कोणी ‘लांडगा’ म्हणत नाही, ‘पाहुणा’ म्हणतात.

हे शेवटचं मला तिथल्या तिथं पटलं. रात्री सापाला आपण तरी कुठं साप म्हणतो? ‘लांबडं’ म्हणतो. पोरानं हे कुठून उचललं माहीत नाही, पण जिथून उचललं ती जागा बरोबर होती.

आणि मग त्यानं ते सगळं बाजूला ठेवून आमच्या रस्त्यात चार लांडगे सोडले. पांढरे. बर्फात. समोरासमोर. गुरगुरत.

मी विचारलं, “मेंढरं किती हायेत आमच्याजवळ?”

“मेंढरं नाहीत काका. तुम्ही पाच जणच आहात.”

“मग लांडगे कशाले आले?”

टेबलावर जरा वेळ कोणी बोललं नाही. डीएमनं त्याच्या पुठ्ठ्याच्या आडोशामागं पाहिलं, जणू उत्तर तिथं लिहिलेलं असेल. मग म्हणाला, “एन्काउंटर आहे काका.” म्हणजे खेळात वाटेवर ठरवून घातलेली झुंज. भाचीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

नियमांबद्दल मात्र माझी तक्रार नाही, उलट कौतुक आहे. या खेळातल्या लांडग्याच्या पत्रिकेत ‘पॅक टॅक्टिक्स’ नावाची एक ओळ असते. ज्याच्यावर तो झेप घेतोय त्याच्याशेजारी लांडग्याचा एखादा जोडीदार उभा असेल, तर लांडग्याला एकाऐवजी दोन फासे टाकून मोठा आकडा धरता येतो. माझ्या सोंगाचं कवच ११, लांडग्याच्या चाव्याला अधिक ४; फासा आणि ते ४ मिळून कवचाएवढे झाले की चावा लागतो, म्हणजे त्याला वीस बाजूंच्या फाशावर ७ किंवा वर पडलं की झालं. भाचीनं मोबाइलवर हिशोब केला: एकटा असेल तर शंभरात सत्तर वेळा चावेल, जोडीदार असेल तर एक्क्याण्णव वेळा. चावला की वर ताकदीचा फासा टाकायचा. तो चुकला की तुम्ही आडवे. माझ्याजवळ नऊ प्राण होते. दुसऱ्या फेरीत मी बर्फात पडलेलो होतो.

कोण्या अमेरिकन माणसानं टेबलावर बसून ही ओळ लिहिली असेल, पण लांडग्याचा सगळा धंदा तिच्यात आला. मराठीत आपण ‘लांडगेतोड’ म्हणतो ते हेच. तो शब्द एका लांडग्यावरून पडलेला नाही. चहूबाजूंनी तुटून पडणं, लचका ज्याला जिथं सापडेल तिथं. माझी वहिनी लग्नाच्या पंगतीतल्या आइस्क्रीमच्या टेबलाबद्दल तो शब्द वापरते.

दुसऱ्या रविवारी लांडगा घोड्याएवढा झाला. ‘डायर वुल्फ’. मी हसलो, तर भाची म्हणाली की ते जनावर खरंच होतं. अमेरिकेत, हिमयुगाच्या शेवटापर्यंत. लॉस एंजेलिस शहरातल्या डांबराच्या डबक्यांतून अशा चार हजारांहून जास्त जनावरांची हाडं निघालीत, आणि २०२१ मध्ये हाडांतला डीएनए तपासला तेव्हा कळलं की आजच्या लांडग्याशी त्याचं नातं फार लांबचं, पन्नास लाख वर्षांपूर्वीच वाटा फुटलेल्या. वजन साठ-सत्तर किलो. म्हणजे घोडा नव्हेच, भरलेलं पोतं म्हणा. आपला लांडगा वीस किलोच्या आसपास भरतो. लांब तंगड्या, वाळक्या गवताचा रंग, बर्फ त्याच्या बापानं पाहिलेला नाही. तो दाट जंगलातही फारसा राहत नाही. त्याला माळ लागतो, पडीक गायरान लागतं. लोक ताडोबात लांडगा शोधतात आणि कारंज्याच्या माळावरून जाताना गाडीच्या काचा वर करून झोपतात.

पण त्या दिवशीची एक गोष्ट झकास जमली. उत्तरेच्या टोळीचा म्हातारा शेकोटीपाशी त्यांच्या महालांडग्याची कथा सांगतो. डीएमनं आधीच सांगून टाकलं की ही कथा नॉर्स लोकांची, म्हणजे जुन्या स्कॅन्डिनेव्हियाची, आपण फक्त उसनी घेतोय. हा प्रामाणिकपणा आवडला. देवांना फेनरिर नावाच्या लांडग्याची भीती वाटते, लोखंडी साखळ्या तो तोडतो, म्हणून बुटके कारागीर सहा वस्तूंची एक रेशमासारखी दोरी वळतात: मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाच्या नसा, माशाचा श्वास आणि पाखराची थुंकी. लांडगा म्हणतो, दगा नसेल तर एकानं माझ्या तोंडात हात ठेवा. टीर नावाचा देव ठेवतो. लांडगा बांधला जातो, टीरचा हात जातो.

आमच्या डीएमनं ही कथा सांगताना आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत. शेजारच्या टेबलावर पोट्टे कुठल्याशा पत्त्यांच्या खेळावरून ओरडत होते, तरी आमच्या टेबलावरचे सगळे त्याच्याकडं वाकून ऐकत होते. शेवटी त्यानं म्हाताऱ्याच्या तोंडी एक वाक्य घातलं: आमच्या ढालीवर लांडगा आहे, कारण शब्द आम्ही मोडला होता, त्यानं नाही. तेवढ्या एका वाक्यासाठी मी त्याला गुण दिलेत.

खेळ सुटल्यावर खाली हातगाडीवर आलूबोंडे खाताना तो माझ्या बाजूला आला. “काका, त्या दिवशी तुम्ही विचारलं ना, लांडगे कशाला आले. मग ते कधी येतात?”

मी त्याला कारंज्याकडचा एक म्हातारा धनगर सांगितला. जानेवारीतली गोष्ट. लांडगा कोकरू घेऊन गेला होता, मी पंचनाम्याचे कागद काढले. लांडगा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वाघाच्याच रांगेत पहिल्या अनुसूचीत आहे, त्यानं मारलं तर सरकार भरपाई देतं. म्हातारा म्हणाला, “राहू द्या साहेब. त्यानं त्याचा वाटा नेला. लिहाचंच असंन तं त्या गावच्या कुत्र्यायचं लिहा. सात मेंढ्या फाडल्या, खाल्ली एकबी नाही.” मोकाट कुत्र्यांची भरपाई वनखातं देत नाही, ते मी त्याला काय सांगणार. त्याचा नातू बाजूलाच उभा होता. तो म्हणाला, “बुढ्याले काय जाते बोलाले, बँकेचा हप्ता मी भरून राह्यलो.” नातवाच्या सांगण्यावरून मी कागद भरला. दोघांपैकी कोणी खोटं बोलत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मग दुसरी एक जुनी गोष्टही सांगितली. माझे वडील शाळेत संस्कृत शिकवायचे, त्यांच्याकडून ऐकलेली. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात ऋज्राश्व नावाचा एक जण आहे. त्यानं एका लांडगीला शंभर मेंढे कापून घातले. बाप चिडला, त्यानं पोराला आंधळा केला. पुढची गंमत अशी की त्या आंधळ्यासाठी लांडगीनंच अश्विनीकुमारांना हाक घातली, आणि त्यांनी त्याला डोळे परत दिले. त्याच सूक्तात हेच अश्विनीकुमार लांडग्याच्या तोंडातून एका लावा पक्ष्याला सोडवतात. म्हणजे ज्यांनी लांडग्याच्या तोंडचा घास काढला, तेच लांडगीच्या हाकेला धावले. वेदातला शब्द ‘वृक’. इंग्रजी ‘वुल्फ’, लॅटिन ‘लुपस’, ग्रीक ‘लायकोस’, सगळे एकाच मुळाचे भाऊ. आपण मात्र तो शब्द भीमाच्या पोटापुरता ठेवला: वृकोदर. डीएमनं आलूबोंड्याचा तेलकट हात पँटला पुसून हे सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

तिसरा रविवार हा या चारांतला सगळ्यात चांगला. कोणाला एकच दिवस जायचं असेल तर तिसऱ्या भागाला बसा, मागचं ते पाच मिनिटांत सांगतात. बर्फ वितळलं होतं. माळ आला होता. गावाच्या शिवेवर एक दगड, आणि दर अमावस्येला गावकरी त्या दगडापाशी एक कोकरू बांधून ठेवतात, ‘पाहुण्याचं ताट’ म्हणून. दोन पिढ्या कळपावर धाड पडलेली नाही. यंदा राजाचा कारकून येतो आणि मोजणी करतो: वर्षाला बारा कोकरं कोणाच्या खात्यावर? गावातली तरुण पोरं त्याच्या बाजूनं, म्हातारे विरोधात. आम्हाला कारकुनानं भाड्यानं आणलेलं, लांडग्यांचा बंदोबस्त करायला. आणि एका झोपडीत डोळ्यांवर पट्टी बांधलेला एक माणूस, ज्याच्याबद्दल कोणी बोलायला तयार नाही.

चार तास एकही लांडगा दिसला नाही. ठसे दिसले, एकदा लांबून हालचाल दिसली, बस. पण टेबलावर प्रत्येक जण लांडग्याबद्दलच भांडत होता. टोळीवाल्याचं सोंग घेतलेली पोरगी म्हणत होती की ते आमचे पूर्वज आहेत. मंगोल लोक चंगीझ खानाचं कूळ निळसर-करड्या लांडग्यापासून मोजतात, तुर्कांतही लांडगीच्या पोटी वंश चालल्याची कथा आहे, रोमच्या दोन भावांना तर लांडगीनंच पाजलं. तिनं ही सगळी यादी घरून तयार करून आणली होती. गॉब्लिन झालेला पोरगा म्हणाला, आमच्यासाठी ते वाहन आहे, तुमचं बैलाचं असतं तसं. त्या बोलक्या दुष्ट लांडग्यांना खेळात ‘वॉर्ग’ म्हणतात. मला पहिले दोन रविवार ‘वर्ग’ ऐकू येत होतं आणि कोणाचा वर्ग सुटला ते कळत नव्हतं. मूळ शब्द नॉर्स ‘वार्गर’, त्याचा अर्थ लांडगा, आणि गावानं वाळीत टाकलेला माणूससुद्धा. हे ऐकल्यावर पट्टी बांधलेला म्हातारा कोण, ते भाचीनं ओळखलं. मी तिला आधी काही सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी डीएमच्या तोंडी ‘भेडिया’ होता, दुसऱ्या दिवशी ‘वुल्फ’, तिसऱ्या दिवशी ‘लांडगा’. टेबलाची भाषा म्हणजे अस्सल नागपुरी खिचडी, हिंदी, इंग्रजी, मराठी. पण कोणी मराठीत बोललं तर सगळे मराठीवर येतात. हे मुद्दाम लिहितोय, कारण माझ्या वयाचे लोक याच भीतीनं असल्या ठिकाणी जात नाहीत.

आणि मग चौथा रविवार, अल्फा.

तिसऱ्या दिवशी एवढं सुरेख विणल्यावर शेवटी त्यानं काय करावं? टेकडीवर एक काळा कुळकुळीत नर उभा केला, पौर्णिमेच्या चंद्राकडं तोंड करून. याला मारलं की कळप पांगेल. पोरं खूश. मी तिथंच फासा खाली ठेवला.

अल्फाची भानगड अशी. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या संशोधकानं स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर अभ्यास लिहिला. पिंजऱ्यात एकत्र कोंडलेले लांडगे मानपानासाठी भांडतात, हे त्यांनी पाहिलं. तिथून ‘अल्फा’, म्हणजे भांडून सगळ्यांच्या वर बसलेला म्होरक्या, जगभर गेला. अमेरिकेतल्या डेव्हिड मीच (Mech) या लांडग्यांच्या अभ्यासकानं आधी तो शब्द पसरवला, पुढं रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. बाप आहे म्हणून पुढं चालतो, कोणाला हरवून नाही. पिंजऱ्यातल्या भांडणावरून लांडग्याचा स्वभाव ठरवणं म्हणजे जनरल डब्यातल्या गर्दीवरून नागपूरकरांचा स्वभाव ठरवण्यासारखं आहे. चंद्राचंही तेच. लांडगे एकमेकांना हाका मारतात, चंद्राला नाही. एकतीस वर्षांत मी त्यांची हाक दोनदाच ऐकली, दोन्ही वेळा चंद्र नव्हता.

मी म्हटलं, “हा बाप आहे. याले मारलं तं पिल्लं उपाशी राहतीन, नि उपाशी पिल्लं पह्यले गावातच येतीन.”

डीएम म्हणाला, “काका, लोकांना बॉस फाइट लागते. पैसे देतात.”

खोटं बोलला नाही. साडेतीनशे रुपये देऊन चार रविवार आलेल्या पोराला शेवटी तलवार चालवायचीच असते. पण ज्या जगात लांडग्याला ‘पाहुणा’ म्हणतात त्या जगाचा शेवट असा करायचा, हे म्हणजे सावजीच्या रश्शावर केचप. एक गुण तिथं गेला.

आम्ही मत घेतलं. तीन जण लढायच्या बाजूचे, मी आणि भाची विरोधात. ते तिघं टेकडी चढले, आम्ही दोघं शिवेवरच्या दगडाकडं गेलो आणि माझ्या सोंगाच्या पैशांतून घेतलेलं कोकरू तिथं बांधलं. डीएम म्हणाला, फासा टाका. कोकरू ओरडतं का, आणि त्याची हाक टेकडीपर्यंत पोचते का. मी टाकला: ३. भाचीनं टाकला: १७. टेकडीवरचा तो काळा वळला. वरचे तिघं रागावले, कारण त्यांचा बॉस त्यांच्याशी न लढता उतरणीला लागला. एकानं पाठीत बाण मारलाच. लागला. मेला नाही. डीएमनं तिथं थांबवलं, पुठ्ठ्याचा आडोसा मिटला आणि म्हणाला की उरलेलं त्यालाही अजून ठरवता आलेलं नाही, पाचवा रविवार लावावा लागेल. पैसे वेगळे.

जाता जाता एक. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं की शिवनीकडं जाताना रिसॉर्टांच्या पाट्यांवर लांडग्यांत वाढलेलं ते पोर, ‘जंगल बुक’मधला मोगली, दिसतं. जगातली लांडग्यांची सगळ्यात गाजलेली कल्पित गोष्ट आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरवर घडते, आणि आपली पोरं लांडगा म्हटलं की बर्फ काढतात. हे त्या डीएमलाही सांगितलं. त्यानं टिपून घेतलं. टिपून घेतो, हा त्याचा मोठा गुण.

कामाच्या गोष्टी. रविवारचं टेबल सांगताना ‘खिडकीजवळचं’ म्हणा, एसीखालच्या टेबलावर माझा खांदा तीन दिवस धरला होता. स्वच्छतागृह स्वच्छ. फासे तिथलेच मिळतात, विकतही ठेवले आहेत, पण माझ्या मते महाग. बारा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, तिसऱ्या भागासारखा भाग असेल तर ते बरोबरच आहे. खायला मॅगी आणि फ्राइज, दोन्ही चालतात. चहा साठ रुपयांचा, पिशवी बुडवलेला, कोमट, आणि दूध वेगळ्या वाटीत, जणू आपण आजारी आहोत. मालकाला बोललो तर म्हणाला, “काका, इथं कॉफी चालते.”

पाचव्या रविवारसाठी भाचीनं दोन जागा सांगून ठेवल्या आहेत. चहा मी थर्मासमध्ये घरून नेणार आहे. बाहेरचं आणू देत नाहीत अशी भिंतीवर सूचना आहे, पण ती इंग्रजीत आहे आणि माझा चष्मा त्या दिवशी घरी राहणार आहे.